शंभर दाण्यांचा वर्ग

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना एका गावात नेऊन सोडतात. कागदावर त्याचं नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव. आम्ही सगळे त्याला 'रावे' म्हणतो. गावात पोचलं की मुलांचे 'कृषीदूत' होतात आणि मुलींच्या 'कृषीकन्या'. तालुक्याच्या पेपरात याच नावाने बातमी येते, ती कापून फाइलला लावायची असते. प्रात्यक्षिक केलं आणि बॅनरसकट फोटो काढला नाही, तर ते झालंच नाही असं आमच्यात मानतात.

मी डोंबिवलीची. बारावीला नीटमध्ये गुण कमी पडले, सीईटीनंतर पसंतीक्रम भरता भरता कृषी भरलं गेलं, आणि यादीत नाव लागलं. तीन वर्षांत मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र सगळं पाठ झालं. पण बांधावर उभं राहून कोवळी ज्वारी कोणती आणि मका कोणता, हे सांगायची वेळ आली की मी अजूनही मैत्रिणीकडे बघायचे. अशा कृषीकन्येला लातूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात पाठवलं, तेही मृगाचा पाऊस लांबलेल्या वर्षी.

आम्ही सहा जणी होतो. कार्यक्रमांची यादी आली तेव्हा बाकीच्यांनी बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क, माती परीक्षण असं काहीतरी बादलीत ढवळता किंवा पिशवीत भरता येण्यासारखं चटकन उचललं. मला उरलं ते मिळालं : 'शालेय विद्यार्थ्यांना कृषी शिक्षणाची व कृषी क्षेत्रातील संधींची ओळख'.

जिल्हा परिषदेच्या प्रशालेत नववीचा वर्ग. मी तक्ता करून नेला होता. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं. राहुरीचं १९६८चं, परभणी आणि दापोलीचं १९७२चं. दहावीनंतर कृषी पदविका, बारावी विज्ञाननंतर सीईटी आणि चार वर्षांची पदवी. मग कृषी सहाय्यक, एमपीएससीतून तालुका कृषी अधिकारी, बँकेत कृषी अधिकारी, बियाणे कंपनी, संशोधन. सगळं सांगून झालं तरी तासाला बराच वेळ उरला होता. मी विचारलं, "मोठेपणी शेतीत काम कोणाला करायचंय?"

एकही हात वर आला नाही. मागच्या बाकावरचे तिघे पोलीस भरतीचे. एकाला सैन्यात जायचं होतं. पुढच्या मुलींना नीट द्यायची होती. लातूर जिल्ह्यात नववीच्या मुलांना क्लासची नावं आपल्या मामांच्या नावांसारखी पाठ असतात, 'लातूर पॅटर्न' इथल्या घराघरात पोचलेला आहे. त्यांतल्याच एकीने हात वर केला. मला बरं वाटलं.

"ताई, तुम्हाला नीटला किती पडले होते?"

वर्ग हसला. मग एक मुलगा उभा राहिला आणि अगदी मनापासून विचारता झाला, "शेतीचं शिकायचं आणि शेती करायची न्हाई, नोकरी करायची. मग शेतीचं शिकायचं कशाला?"

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. घंटा झाली म्हणून सुटले. बॅनरसह फोटो मात्र चांगला आला.

आम्ही राहायचो त्या घरात संध्याकाळी एक वाक्य हमखास कानावर यायचं. घरातला पोरगा मोबाइल घेऊन बसला की त्याची आजी म्हणायची, "अभ्यास कर, न्हाईतर ढोरं वळशील." शेजारच्या घरातही तेच, फक्त ढोरांच्या जागी कोळपं. तेव्हा माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. ज्या गोष्टीचा घरोघरी धाक दाखवतात, तीच मी तक्त्यावर रंगीत अक्षरात 'संधी' म्हणून घेऊन गेले होते. आणि ओळख तरी कसली करून देणार? त्या वर्गातली मुलं सुट्टीच्या दिवशी खुरपायला जात होती, फवारणीचं पाणी आणून देत होती, गाभण म्हैस कधी विणार याचा अंदाज सांगत होती. ओळखीची गरज असलेली त्या खोलीत एकटी मीच होते.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि पाबळची गोष्ट काढली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतलं काम सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की खेड्यातलं मूल हाताने सतत काहीतरी करत असतंच. शाळेने तेच काम घ्यावं आणि त्यातलं विज्ञान बाहेर काढावं. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम : वर्कशॉप, ऊर्जा, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. नुसतं शिकण्यासाठी करायचं नाही, गावातल्या कोणाला तरी उपयोगी पडेल असं काम करून द्यायचं. सर म्हणाले, "तुमचा तक्ता चांगला आहे हो. पण त्यात पोरांना करायला काय आहे?"

करायला काय, ते पावसाने ठरवलं. आभाळ येत होतं, जात होतं. पेरण्या खोळंबल्या होत्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, त्यामुळे गावातल्या बहुतेक घरांत सोयाबीनच्या थैल्या भिंतीला लावून ठेवलेल्या. यातलं बरंचसं बियाणं घरचं. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक, म्हणजे फुलात आपलंच परागीभवन होतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा चांगला माल राखून पुन्हा पेरता येतो. अडचण एवढीच, की दाण्याचं साल फार पातळ. मळणी यंत्रात फेरे जास्त झाले, काढणीत पाऊस लागला, थैली वरून आपटली, की दाणा दिसतो तसाच टपोरा, पण आतला कोंब गेलेला असतो. म्हणून पेरणीआधी उगवण तपासायची. पद्धत इतकी साधी आहे की परीक्षेत तिच्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि आपण ती वाचून पुढे जातो.

मी मुलांना सांगितलं, उद्या घरून मूठभर सोयाबीन आणि गोणपाटाचा तुकडा आणा.

दुसऱ्या दिवशी आलेलं सोयाबीन बघून मी चकित झाले. एकसारखं, गोल, पिवळंधमक. सरांनी मिशीत हसत विचारलं, "निवडून आणलं का रे?" सगळे हो म्हणाले. आमच्यासमोर घरची अब्रू जायला नको म्हणून काहींच्या आयांनी सुपात पाखडून दिलं होतं. तेव्हा पहिला अर्धा तास नमुना म्हणजे काय यातच गेला. थैलीच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायचं, डोळे मिटून घ्यायचं, फुटका आला तरी ठेवायचा. एका मुलाला हे अजिबात पटेना. खराब दाणे मुद्दाम का मोजायचे? शेवटी वर्गातलाच दुसरा त्याला म्हणाला, "तिफणीत काय निवडून टाकतो का तू?"

पुन्हा नमुने आले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. पाणी शिंपडायची पाळी वाटून दिली. सहा-सात दिवसांनी उघडायचं होतं, पण पोरं रोज मधल्या सुट्टीत कडा उचलून बघत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

उघडल्यावर मोजणीवरून भांडणं झाली. मोड आला म्हणजे उगवला का? मूळ आहे पण वरचा कोंब तुटका, तो धरायचा का? फुगून बुळबुळीत झालेला दाणा मेलेला की उशिरा उठणारा? पुस्तकात 'सर्वसाधारण रोपे' एवढा एक शब्द आहे. तो शब्द वापरायची वेळ आली तेव्हा मी पंधरा मिनिटं एका वाकड्या कोंबाकडे बघत होते. सगळ्यात पक्की नजर निघाली ती तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची. फारसं न बोलणारी. ती प्रत्येक दाणा नखाने उलटा करून बघायची आणि मगच आकडा सांगायची. थोड्या वेळाने बाकीचे गट आपापले वादग्रस्त दाणे तिच्याकडे घेऊन जायला लागले.

आकडे फळ्यावर लिहिले. ८४, ७६, ७१, ६३. आणि एका मुलाच्या घरच्या बियाण्याचे ५२. तो गप्प झाला. सोयाबीनसाठी ७० टक्के उगवण धरून एकरी ३० किलो बियाणं सांगतात. सरांनी तिथेच गणिताचा तास घेतला. ३० किलोचे ७० टक्के म्हणजे २१ किलो जिवंत बियाणं. मग ५२ टक्क्यांच्या थैलीतून २१ किलो जिवंत मिळवायचं तर किती टाकावं लागेल? उत्तर आलं साधारण ४० किलो. मी सांगितलं, उगवण ६०च्या खाली असेल तर ते बियाणं वापरूच नये अशी शिफारस आहे. मुलगा म्हणाला, "शिफारस हाय, पण दुसरं आणायला पैसे कुठं हायेत?"

संध्याकाळी त्याच्या वडिलांना भेटायला गेले. त्यांनी गुंडाळी उघडून पाहिली, दाणे बोटाने सरकवले, पुन्हा गुंडाळली. "पेरल्यावर कळलंच असतं की," म्हणाले. दोन दिवसांनी पाऊस झाला आणि त्यांनी एकरी ४० किलोने पेरलं, पोराने काढलेल्या आकड्याप्रमाणे. पुस्तकाप्रमाणे मी काही करू शकले नाही. पण पुढे ते रान काही विरळ दिसलं नाही. पाऊस वेळेवर राहिला हेही तितकंच खरं. आता हे यश कोणाच्या नावावर लिहायचं, हा प्रश्न फाइल भरताना मला बराच वेळ पडला होता.

यानंतर वर्गाने मला थोडं आपलं म्हटलं. सरळ उभ्या कडांचा एक डबा पटांगणात ठेवून त्यात पाऊस मोजायला लागलो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एकराला सुमारे चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे एका एकरावर एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर. टँकर म्हटल्यावर लातूरच्या पोरांना वेगळं समजावावं लागत नाही; २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं त्याच्या गोष्टी त्यांनी घरी ऐकलेल्या आहेत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. एका मुलाने विचारलं, मंडळाचं यंत्र दुसऱ्या गावात आणि पाऊस आमच्या शिवारात पडला तर? हा प्रश्न मोठमोठ्या बैठकांमध्येही तसाच पडून आहे.

गोगलगायींचा तास मी घेतलाच नाही, मुलांनी घेतला. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रात्रीतून साफ केलं होतं. पोरांनी तेव्हा बादल्या भरून वेचल्या होत्या. दिवसा त्या ओल्या पोत्याखाली कशा जमतात, मिठाच्या पाण्यात कशा टाकायच्या, बांधाच्या कडेने आधी का येतात, हे सगळं त्यांनी मला सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं.

मग परसबागेतला प्रयोग. पोषण आहारासाठी शाळेने मेथी-पालकाची परसबाग केली होती, तिच्या कडेला आम्ही सोयाबीनच्या दोन ओळी लावल्या. एका ओळीच्या बियाण्याला रायझोबियम चोळलं, दुसरी तशीच. हे जिवाणू मुळांवर गाठी करतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. चाळीसेक दिवसांनी रोपं उपटायची नाहीत, खणून काढायची, मुळं बादलीत हलक्या हाताने धुवायची, गाठ ब्लेडने कापून बघायची. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे.

कापली. गुलाबी निघाली. "ताई, झाडाला रक्त हाय?" असा एकच गलका झाला. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतल्या एका द्रव्याचा असतो. नत्र धरणाऱ्या यंत्रणेला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे द्रव्य तो जपून, मोजून पुरवतं. हे मी सांगत होते तेव्हा पहिल्यांदा असं झालं की घंटा झाल्यावरही कोणी उठलं नाही.

पण मुख्य निकाल पुढेच होता. दोन्ही ओळींमध्ये गाठी जवळजवळ सारख्याच! माझ्या मैत्रिणीने हळूच सुचवलं की फोटोसाठी न चोळलेल्या ओळीतलं एखादं कमी गाठींचं रोप शोधू या, बातमीला बरं दिसेल. सर म्हणाले, आहे तसं फळ्यावर लिहा. लिहिलं. मग 'असं का?' यावर वर्ग सुरू झाला. जिवाणू खराब झाले असतील, ऊन लागलं असेल, ओळी जवळ होत्या म्हणून पाण्याबरोबर तिकडे गेले असतील. शेवटी एक मुलगी म्हणाली, "पण इथं तर शाळा वाढवायच्या आधी सोयाबीनचंच रान होतं." वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या जमिनीत ते जिवाणू आधीच वस्तीला असतात, तिथे नव्याने चोळल्याचा फरक कमी दिसतो, हे मी पाचव्या सत्रात शिकले होते. शिकले होते आणि विसरले होते, कारण परीक्षेत फायदेच विचारतात.

संधींचा तक्ता मी पुन्हा कधी लावला नाही, पण त्याचे प्रश्न आपोआप यायला लागले. एमएयूएस ७१ ही जात कोणी काढली? परभणीच्या विद्यापीठातल्या माणसांनी. कशी? सोयाबीनची कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, त्यातल्या कित्येक कळ्या गळून जातात. मग पिढ्यान् पिढ्या निवड. दहा-बारा वर्षं सहज जातात. "मग तोवर पगार चालू राहतो का?" राहतो म्हटल्यावर पोलीस भरतीवाल्यांपैकी एकाने ते काम गंभीरपणे मनात धरल्यासारखं वाटलं. शिकलेलं नसलं तरी जात काढता येते का, असंही कोणी विचारलं. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंचं सांगितलं : शाळा तिसरीपर्यंत, दीड एकर जमीन, धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखून ठेवून त्यातून त्यांनी एचएमटी तांदूळ निवडला, घड्याळाच्या नावावरून नाव दिलं. तो तांदूळ दूरदूर पोचला, पैसा मात्र त्यांच्यापर्यंत फारसा पोचला नाही. दुसरा भाग सांगावा की नाही असं क्षणभर वाटलं. सांगितला.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने एकदा मला पायऱ्यांवर गाठलं. "आम्हाला रान न्हाई. आई लोकांच्या रानात खुरपायला जाती. मग कृषीला मला घेतेत का?" मी म्हटलं, बारावी विज्ञान आणि सीईटी, एवढं लागतं; रान असावंच लागतं असं नाही, माझ्याकडे तरी कुठे आहे? बियाणं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळा आहेत, त्यांतली एक आपल्या परभणीतच, तिथे असेच दाणे ओळीने मांडून मोजतात, तेही पगार घेऊन. तिने विचारलं, "तिथं वाकडा कोंब धरतेत का?" मला आनंद व्हावा की भीती वाटावी, कळेना. चार वर्षं, वसतिगृह, फी, घरातली एक मजुरी कमी. हे सगळं तक्त्यावर नव्हतंच. मी सरांना मध्ये घातलं, त्यांनी दहावीनंतरच्या पदविकेची आणि शिष्यवृत्त्यांची माहिती काढून तिच्या आईला बोलावलं. आई आली, बाहेरच उभी राहून सगळं ऐकलं, "बघू," म्हणाली आणि कामाला गेली.

आम्ही निघायच्या सुमारास गावात राशी सुरू झाल्या. काही ठिकाणी काढून ठेवलेल्या बनिमीवर पाऊस पडून गेला होता. मुलं आता न सांगता नमुने घेऊन येत होती : वरचं, मधलं, तळातलं, वेगवेगळ्या पुड्यांत. ५२ टक्केवाल्याने सगळ्या पुड्यांवर घरांची नावं लिहिली होती, त्यात वर्गाबाहेरचीही बरीच घरं होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "तपासून देणार. थैलीला दहा रुपये." सरांनी भुवया उंचावल्या. मी सांगितलं की आत्ता तपासलं तरी उन्हाळाभर थैलीत ठेवल्यावर सोयाबीनची उगवण घसरते, तेव्हा मे महिन्यात परत बघावं लागेल.

"म्हणजे दोनदा पैसे," तो म्हणाला. तिसऱ्या बाकावरची म्हणाली, पैसे एकदाच घ्यायचे, आणि मोजणार ती, तेव्हा पाच तिचे. मग दोघांचं जे जुंपलं ते आमची जीप येईपर्यंत चाललंच होतं.